शिल्लक कमी ठेव, पावत्या जास्त फाड

बेटा, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. आपल्यासारखी लहान सेवा मंडळं पैसा नसतो म्हणून बंद पडत नाहीत. पैसा साचला की बंद पडतात. आर्वी, पुलगाव, देवळी, हिंगणघाट, कुठंही बघ. हातात काही नसताना ज्यांनी उन्हाळाभर पाणपोई चालवली, शाळेच्या पोरांना वह्या वाटल्या, त्यांची उतरण बहुतेक वेळा बँकेत बऱ्यापैकी ठेव झाली त्याच वर्षी सुरू झालेली दिसते. त्या वर्षापासून कुणी वर्गणीला बाहेर पडत नाही. व्याजावर एक नेत्रशिबिर होतं. मग व्याज घटतं, शिबिर वर्षाआड होऊ लागतं, आणि शेवटी उरते ती वर्षातून एक आमसभा आणि ठेवीच्या पावतीवर सह्या कुणाच्या चालतात यावरचा वाद.

हा शोध माझा नाही. पुढं ज्यांनी आपल्या सेवाग्रामला घर केलं, त्या गांधींनी चोविसाव्या वर्षी वर्गणी गोळा करायचं हेच काम केलं होतं. १८९४ च्या ऑगस्टमध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली आणि ते तिचे चिटणीस झाले. वर्गणी महिन्याला किमान पाच शिलिंग. उत्साहात नावं देणारे पुष्कळ निघाले, दर महिन्याला देणारे थोडे. डरबनच्या बाहेरच्यांकडे दरमहा जाणं शक्य नव्हतं आणि डरबनमधल्यांकडेही खेटे घालावे लागत. म्हणून वर्गणी वार्षिक केली, किमान तीन पौंड. टोंगाट नावाच्या गावी एका यजमानाकडून सहा पौंड हवे होते, तो तिनावर अडला. ही मंडळी त्याच्या घरी रात्रभर न जेवता बसून राहिली. पहाटे त्यानं सहा पौंड दिले आणि सगळ्यांना जेवू घातलं. आत्मकथेत हे सगळं आहे, वाचून ठेव. तिथंच पुढं ते सांगतात की सार्वजनिक संस्थेनं कायम निधीच्या व्याजावर जगू नये, लोक दरवर्षी देतात त्यावर जगावं. लोक देईनासे झाले तर चालू राहण्याचा हक्क संस्थेला उरत नाही. इमारतीवाचून ज्यांचं चालूच शकत नाही अशा संस्था त्यांनी यातून वगळल्या. पण त्याच नाताळ काँग्रेसच्या मालकीच्या जागेवरून नंतर आपापसांत भांडणं लागली आणि तिचं भाडं कोर्टात साचत राहिलं. संस्था बघायला लोक नव्हते, भाड्यावर भांडायला होते.

तेव्हा वर्गणी हे आपल्या मंडळाचं उत्पन्न आहे, एवढ्यावर थांबू नकोस. माणसांनी दार उघडलं का, दोन शब्द बोलले का, मागच्या वर्षीच्या शिबिराची आठवण काढली का, हे त्यातून कळतं. वर्गणी घटली तर आधी काम कुठं कमी पडलं ते शोध, मग जमाखर्च बघ.

आता ती मागायची कधी? शहरातले लोक एक एप्रिल धरून चालतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये शेतकऱ्याच्या हातात काही नसतं. बी-बियाण्याची काळजी, लग्नसराई आणि ४५ अंशांचं ऊन. मला हे काम ज्यांनी शिकवलं ते एका जिनिंगमधले दिवाणजी होते. ते पावती पुस्तकं दसऱ्याआधी कपाटातून काढूच देत नसत. तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी होती, १९७२ साली सुरू झालेली. कापूस केंद्रावर गेला तरी चुकारा कधी हातात पडेल याचा भरवसा नसे. दिवाणजी म्हणायचे, चुकारा झाला की दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत जा, आठव्या दिवशी नको, आठव्या दिवसापर्यंत पैसा सावकार आणि कपडेवाला वाटून घेतो. आता सोयाबीन आधी बाजारात येतं, कापूस मागून, आणि पैसा थेट खात्यात जमा होतो. पण हिशेब तोच: ज्याच्या त्याच्या सुगीला त्याच्याकडे जायचं. शिक्षकांकडे पगार झाल्यावर, व्यापाऱ्याकडे दिवाळीच्या वहीपूजनानंतर, शेतकऱ्याकडे माल विकल्यावर. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना काढली, तेव्हा हप्ता ज्वारीत घेतला, आणि तोही सुगीच्या वेळी. रोख नव्हती, ज्वारी होती. ज्यानं ही योजना आखली त्याला खेडं कळलं होतं. आपणही धान्य, मंडपाचं सामान, डॉक्टरांचा वेळ घ्यावा. फक्त किती आणि कुणाकडून, ते वस्तूंच्या नोंदवहीत त्याच दिवशी उतरव. नापिकीच्या वर्षी मात्र शेतकऱ्याच्या दारात पावती पुस्तक घेऊन जाऊ नकोस. नुसती जा, विचारपूस कर, चहा पिऊन ये. पुढच्या वर्षी तो स्वतः आणून देईल, आणि नाही दिलं तरी त्याचं नाव यादीतून खोडायचं नाही.

वर्गणीचा आकडा वीस-वीस वर्षं तोच राहतो, ही आपल्याकडची जुनी खोड. शंभर रुपये ठरतात, मग वाढवू म्हटलं की आमसभेत कुणीतरी गरीब सभासदाचा कैवार घेतो, आणि तो कैवार घेणारा बहुधा गावातला सगळ्यात मोठा आडत्या असतो. दर तीन वर्षांनी थोडी वाढ होईल, असा ठराव एकदाच करून टाक. रोटरी-लायन्सवाल्या मित्रांना हे आपोआप शिकावं लागतं. त्यांच्या वर्गणीतला मुख्यालयाचा वाटा डॉलरमध्ये ठरतो. १९९० साली डॉलर १७-१८ रुपयांना होता, आज ८० च्या कितीतरी वर आहे. क्लबनं काही न करताच सभासदाची वर्गणी चढत जाते. आपल्याला तशी सक्ती नाही, म्हणून आपण झोपतो.

यातच आजीव सभासदांचं बघ. सत्तर-ऐंशीच्या दशकात जवळपास प्रत्येक मंडळानं आजीव सभासद केले. १०१ रुपये भरा, कायमचे सभासद व्हा. पैसे एकरकमी येत, अध्यक्ष खूश, वार्षिक अहवालात आकडा मोठा. आणि ते पैसे त्याच वर्षीच्या संमेलनात, सतरंज्यांत, पाहुण्यांच्या जेवणात संपत. पेरणीचं बियाणं विकून सण साजरा केल्यासारखं. ती माणसं पुढची चाळीस वर्षं मतदान करतात, त्यांना आमसभेची नोटीस पाठवायचा टपालखर्च मंडळ करतं, आणि त्यांच्याकडून एक रुपया मागायची सोय उरत नाही. आजीव वर्गणी घ्यायचीच असेल तर ती उत्पन्नात धरू नकोस. वेगळ्या निधीत टाक, व्याजच फक्त वापर, आणि रक्कम वार्षिक वर्गणीच्या निदान पंधरा पट ठेव. खरं विचारशील तर मी घेणारच नाही. दरवर्षी पैसे द्यायचा कंटाळा येणारा माणूस मंडळाच्या कामालाही कंटाळतोच. जे जुने आजीव आहेत त्यांच्याकडे 'वार्षिक कार्यनिधी' म्हणून मागायला जा. निम्मे तरी देतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

पावत्यांचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे. गांधी लिहितात की नाताळमध्ये अगदी बारीक रकमेचीही पावती दिली जाई, आणि १८९४ च्या हिशेबाच्या वह्या त्यानंतर तीसेक वर्षांनीही दप्तरात शाबूत सापडतील याची त्यांना खात्री होती. पावती पुस्तकं छापून आली की आधी पानं मोज. छापखान्यातून एखादा नंबर दोनदा किंवा मधलाच गायब असा येतो. तो आज सापडला तर चूक ठरते, दहा वर्षांनी सापडला तर चोरी ठरते. पुस्तक ज्याला दिलं त्याची सही, तारीख, क्रमांक कुठून कुठपर्यंत, हे एका वहीत. परत घ्यायची तारीखही त्याच ओळीत. पुस्तक अर्धं भरलेलं असलं तरी ३१ मार्चला परत. रद्द पावती फाडून फेकायची नाही. मूळ पावती स्थळप्रतीला चिकटवून दोन्हींवर आडवी रेघ. पुस्तक हरवलं असं कुणी म्हणालं तर गप्प बसायचं नाही, पुढच्या कार्यकारिणीत त्या क्रमांकांचा ठराव घ्यायचा. माणूस रागावेल. रागावू दे.

जमलेल्या रोखीतून परस्पर खर्च करायचा नाही, हे दिवाणजींचं सगळ्यात कडक कलम होतं. शिबिराच्या दिवशी मंडपवाला पैसे मागतो, समोर वर्गणीची रोख असते, हात तिकडे जातो. नाही. जमा होती तेवढी सगळी बँकेत, आणि मंडपवाल्याला चेक. असं केलं तर बँकेचं पासबुकच तुझी कीर्द होतं. तू आजारी पडलीस तरी कुणीही त्यावरून वर्षाचा हिशेब उभा करू शकतो. हातशिल्लक म्हणून किती ठेवायची ते कार्यकारिणीकडून ठरवून घे आणि त्याच्या वर एक दिवसही जाऊ नकोस. आयकरात दहा हजारांवरचा रोख खर्च धर्मादाय खर्च म्हणून मोजत नाहीत, हेही ध्यानात ठेव. आणि मोबाईलवरची देणगी! क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा. अध्यक्षांचा फोनपे, सचिवांचा गूगलपे, 'मी नंतर वळते करतो', हे आजच्या मंडळांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. अध्यक्ष कितीही सज्जन असले तरी त्यांच्या खात्यात त्यांचा किराणा, लाइट बिल आणि आपली वर्गणी एकत्र पडते. मग वेगळं कोण काढणार?

दानपेटी दर महिन्याला उघड, दोन माणसांसमोर, आणि मोजलेल्या रकमेच्या कागदावर दोघांच्या सह्या घे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी झाली, आणि ज्यांच्या पेट्या वर्षानुवर्षं उघडल्या नव्हत्या त्यांना पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन ३० डिसेंबरच्या आत बँकेत उभं राहावं लागलं, आणि हे कुणी दिले याचं उत्तर देता देता नाकी नऊ आले.

आता वेगवेगळ्या पैशांचं. सभासदांनी मंडळ चालवायला दिलेला पैसा वेगळा, गावानं एखाद्या कामासाठी दिलेला वेगळा. लायन्समध्ये हा नियमच आहे: लोकांकडून सेवेसाठी जमवलेल्या निधीतून क्लबचा चहा, हार, हॉलचं भाडं द्यायचं नाही, तो खर्च सभासदांच्या वर्गणीतून. दोन खाती वेगळी. आपल्यावर तसं कुणी लादलेलं नाही, पण तू ते कर.

यात आदर्श कुणाचा ठेवायचा ते सांगतो. वर्ध्याच्या मगनवाडीचं नाव घेतलं की जे. सी. कुमारप्पा आठवायला हवेत. लंडनला शिकलेले हिशेबतज्ज्ञ, मुंबईत त्यांची ऑडिटची फर्म होती, पुढं अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकले. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीकडे देशभरातून पैसा येऊ लागला, आणि हिशेब सांभाळायला आपल्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी कुमारप्पांना बोलावलं. जमनालालजी स्वतः १९२० च्या नागपूर अधिवेशनापासून काँग्रेसचे खजिनदार. त्यांना माणूस ओळखता येत होता. कुमारप्पांनी स्वयंसेवकांच्या जेवणाला दिवसाला तीन आणे ठरवले. मग खुद्द गांधी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले. त्यांचा आहार वेगळा, बकरीचं दूध, खजूर. तीन आण्यांत बसणारा नव्हता. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना सांगून टाकलं की या मंडळींच्या खाण्याचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च मदतनिधीतून मिळणार नाही. गांधींनी कारण विचारलं, ऐकलं आणि मानलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याची धुरा गांधींनी याच माणसाच्या हातात दिली. आपल्याकडे उद्घाटनाला आमदार आले की सोबतच्या चार गाड्यांच्या चालकांचं जेवण कुठल्या खात्यात टाकायचं, असा प्रश्न पडतो. शिबिराच्या खात्यात नाही, एवढं पक्कं. सभासदांनी खिशातून द्यावं, नाही तर चहावर भागवावं.

आपलं रुग्णसेवा साहित्य केंद्र हा आणखी एक सापळा आहे. पलंग, वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं यंत्र आपण नेऊ देतो आणि अनामत घेतो. करोनाच्या काळात या अनामती बऱ्याच साचल्या. ते पैसे आपले नाहीत. उत्पन्नात घेतले की त्या वर्षी मंडळ श्रीमंत दिसतं, पुढच्या वर्षी पाच-दहा कुटुंबं एकदम पलंग परत करतात आणि तू चेक कशातून देणार? अनामतीचं खातं वेगळं, आणि ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला. कुणाच्या घरी माणूस गेलेलं असतं, तो अनामत मागायला येत नाही. आपण द्यायला जायचं. नको म्हणाला तर त्याच्या सहीचं पत्र घे आणि मग देणगीची पावती फाड. पत्र नसेल तर रक्कम त्याचीच.

आता ठेवींवर येतो, कारण तुला मिळणारी फाइल सगळ्यात जाड याच विषयाची आहे. स्मृतिप्रीत्यर्थ पारितोषिकं. कुणाच्या वडिलांच्या नावानं दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला, कुणाच्या आईच्या नावानं मराठीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला. समज, कुणी १९९५ साली पाच हजार रुपये दिले. तेव्हा बँका बाराच्या आसपास टक्के देत होत्या. म्हणजे वर्षाला सहाशे. त्यात ढाल, पुस्तकं आणि वर रोख बक्षीस होत असे. करोनाच्या वर्षात तीच ठेव साडेपाच टक्क्यांवर आली. पावणेतीनशे रुपये. त्यात धड ढालसुद्धा येत नाही. पण देणगीदाराचे चिरंजीव नागपूरहून कार्यक्रमाला येतात आणि नाव पत्रिकेत मोठ्या अक्षरात हवं म्हणतात. फरक मंडळ भरतं. अशी पंधरा-वीस पारितोषिकं झाली की बक्षीस समारंभ हाच मंडळाचा मुख्य खर्च होऊन बसतो, आणि पाणपोईला पैसे नाहीत.

म्हणून नवी ठेव घेताना देणगीदाराकडून पत्र लिहून घे. त्यात चार गोष्टी हव्यात: रक्कम कायम निधीसाठी दिली आहे, व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवला जाईल, बक्षिसाचं रूप कार्यकारिणी ठरवील, आणि वीस वर्षांनंतर व्याज अपुरं पडलं तर हा निधी त्याच प्रकारच्या दुसऱ्या निधीत मिसळता येईल. आयकरासाठीही कायम निधीचं असं स्पष्ट पत्र लागतंच. जुन्या ठेवींच्या घरी जा, हात जोड, आकडा समोर ठेव. बहुतेक घरं भर घालतात. जी घालत नाहीत त्यांना सांगायचं की यंदापासून प्रमाणपत्र आणि व्याजात बसेल ते पुस्तक. लाज आपण का वाटून घ्यायची?

ठेव कुठं ठेवायची, यात व्याजाच्या अर्ध्या टक्क्याच्या मोहात पडू नकोस. दर काही वर्षांनी कुणी सभासद येऊन सांगतो की अमुक पतसंस्था टक्का जास्त देते, संचालक आपलेच आहेत. आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकून वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेली घरं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी संचालक आपलेच होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, व्याज धरून, एका बँकेत एका ठेवीदाराला. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आली, त्याआधी ती एक लाखच होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. शिवाय सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठं गुंतवता येतो हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ३५ व्या कलमात बांधून दिलेलं आहे. बाहेर गुंतवला आणि बुडाला तर विश्वस्तांना खिशातून भरावा लागू शकतो. हे वाक्य त्या सभासदाला वाचून दाखव, विषय संपतो.

सभागृह बांधायचं का, हा प्रश्न तुझ्या काळात नक्की येणार. खासदार निधी, आमदार निधी, एखादा दानशूर, सगळे भिंतीला पैसे देतात कारण भिंतीवर नावाची पाटी लागते. झाडू मारणाऱ्याच्या पगाराला कुणी देत नाही. बांधकामाच्या अंदाजपत्रकाखाली दुसरा कागद लाव: घरपट्टी, वीज, पाणी, रंग, चौकीदार, दहा वर्षांचा खर्च. तो कुठून येणार याचं उत्तर मिळेपर्यंत सही करू नकोस. एकदा जागा झाली की विकायलाही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ३६ व्या कलमाखाली, आणि लग्नाला भाड्यानं द्यायला लागलं की मंडळाचं मंगल कार्यालय होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. उरलेलं आपले सी.ए. सांगतील, पण त्यांना वेळेवर कागद नेऊन देणं तुझं काम. वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यापासून सहा महिन्यांत धर्मादायचं ऑडिट. आयकरातली नोंदणी पूर्वी एकदा घेतली की कायमची असे. १ एप्रिल २०२१ पासून मुदतीची झाली. पाच वर्षांची, आणि लहान संस्थांना आता दहा वर्षांची सोय झाली आहे. ती तारीख कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेव. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, म्हणून जुन्या लेटरहेडवरचा मजकूर सी.ए.ना दाखवल्याशिवाय पुन्हा छापू नकोस. ज्याला आपण अजून ८०जी म्हणतो ती सवलत रोखीत फक्त दोन हजारांपर्यंतच्या देणगीला मिळते. देणगीदाराचा पॅन पावतीच्या वेळीच घे. मे महिन्यात यादी भरताना शंभर फोन करावे लागत नाहीत.

आणि परदेशातल्या आपल्या मुलांचं. त्यांना गावाची ओढ असते, पैसे पाठवतो म्हणतात. आधी एकच विचार: पासपोर्ट भारताचा आहे का? असेल तर त्याच्या बचतीतून, बँकेमार्फत आलेली देणगी आपल्याला चालते. नागरिकत्व बदललं असेल तर तो आर्वीच्या गांधी चौकात वाढलेला असला तरी ती परकीय देणगी, आणि तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते. शंभर डॉलर असोत की दहा, यात सूट नाही. अशा मुलाला प्रेमानं सांग, आईवडिलांना पाठव, त्यांनी त्यांचे म्हणून काय द्यायचं ते द्यावं, असला आडमार्गही सुचवू नकोस. सुट्टीत ये आणि शिबिरात दोन दिवस राब म्हणावं.

वर्षाची शिल्लक किती असावी, हे तू विचारलंस. माझं मत: एका वर्षाच्या नेहमीच्या खर्चाएवढी, त्याहून जास्त नाही. करोनाच्या पहिल्या वर्षी वर्गणी फिरलीच नाही, तेव्हा एका वर्षाची शिल्लक असलेली मंडळं तगली. दोन-तीन वर्षांची असती तर आजवर कुणी वर्गणीला निघालंच नसतं. जास्त जमलं तर काम वाढव: आणखी एका खेड्यात शिबिर घे, चार व्हीलचेअर घे. आयकर कायद्यानंही उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्चायला सांगितले आहेत, तेव्हा यात कायदा आणि मी एकाच बाजूला आहोत.

दर तीन महिन्यांनी जमाखर्च एका पानावर लिहून वाचनालयाच्या फलकावर लाव. कुणी वाचणार नाही असं तुला वाटेल. ज्याला शंका असते तो बरोबर वाचतो, आणि ज्यानं दिलेत तो आपलं नाव शोधतो. नाव चुकलं तर तक्रार घेऊन येतो. आला की बसव, पुस्तक उघडून दाखव, आणि जाताना पुढच्या वर्षीची पावती फाड.

किल्ल्या उद्या संध्याकाळी देतो. पण त्याआधी सचिवांकडून आमसभेच्या ठरावाची नक्कल घे, अध्यक्षांच्या सहीसह. बँकेत सह्या बदलायला ती लागेल, आणि नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात आमसभेपासून ९० दिवसांच्या आत गेला पाहिजे. मागच्या तीन कार्यकारिणींचे अर्ज अजून मंजूर झालेले नाहीत. वर्ध्याला जाशील तेव्हा त्यांचीही चौकशी कर.